एजंटने सांगितलं पुस्तकातले इंडियन काढून टाका, या लेखकाने त्यांच्यावरच १८ कादंबऱ्या लिहिल्या

खुनाची कादंबरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? लंडनचं धुकं, ओव्हरकोट घातलेला डिटेक्टिव्ह, नाहीतर न्यूयॉर्कच्या गल्लीत सायरन वाजवत घुसलेली पोलिसांची गाडी.

आता हे सगळं पुसून टाका. त्याजागी लाल खडकांचं वाळवंट ठेवा. शेजाऱ्याचं घर कित्येक किलोमीटर लांब. पोलीस एकटाच पिकअप गाडी घेऊन धूळ उडवत चाललाय. साक्षीदाराच्या घरापाशी पोहोचल्यावर तो दार वाजवत नाही, हाक मारत नाही. गाडीजवळच थांबून राहतो. घरातल्या माणसाची तयारी झाली की तो स्वतःच बाहेर येईल, तोवर थांबायचं. तिथली रीतच तशी आहे. बाहेर आल्यावरही थेट खुनाचा विषय निघत नाही. आधी आईचं कूळ कोणतं, वडिलांचं कूळ कोणतं, मग पाऊसपाणी, मेंढ्या आणि मग कधीतरी मुद्दा.

हा पोलीस म्हणजे नवाहो ट्रायबल पोलीसमधला लेफ्टनंट जो लीपहॉर्न. त्याला जन्माला घालणारा लेखक टोनी हिलरमन. स्वतः नवाहो नसलेला, ओक्लाहोमाच्या शेतकऱ्याचा गोरा पोरगा.

ओटीटीवर 'डार्क विंड्स' नावाची सिरीज ज्यांनी पाहिली असेल त्यांना लीपहॉर्न माहिती असेल. पण त्यामागचा माणूस आपल्याकडे फारसा कुणाला माहिती नाही. तर आज त्याचीच गोष्ट.

साल १९२५. २७ मे या दिवशी ओक्लाहोमा राज्यातल्या सेक्रेड हार्ट नावाच्या खेड्यात टोनीचा जन्म झाला. तीन भावंडांत धाकटा. वडील शेती करायचे आणि जोडीला एक दुकान चालवायचे. टोनी शाळकरी वयात आला तेव्हा अमेरिकेत महामंदी सुरू होती, ओक्लाहोमात दुष्काळ आणि धुळीची वादळं. घरात पैसा नव्हता. पण आजूबाजूला कुणाकडेच नव्हता, त्यामुळे आपण गरीब आहोत याचं वेगळं दुःखही नव्हतं. जो फार अपेक्षा ठेवत नाही त्याच्या वाट्याला निराशा फारशी येत नाही, असं त्याची आई म्हणायची. पुढे हिलरमन यांनी आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याचं नाव आईच्या याच बोलण्यावरून ठेवलं, 'सेल्डम डिसअपॉइंटेड'.

टोनीची शाळा हा एक वेगळाच प्रकार होता. कॅथलिक नन्स चालवत असलेली ही शाळा मुळात इंडियन मुलींसाठी होती.

इथे इंडियन म्हणजे आपण नव्हे. कोलंबस भारत शोधायला निघाला, अमेरिकेला जाऊन थडकला आणि तिथल्या मूळ रहिवाशांना इंडियन म्हणून बसला. ते नाव त्यांना कायमचं चिकटलं. टोनीच्या गावाच्या परिसरात पोटावाटोमी आणि सेमिनोल जमातींचे लोक राहायचे. त्यांच्या मुलींच्या शाळेत आसपासच्या शेतकऱ्यांच्या मोजक्या पोरांनाही बसू द्यायचे, त्यातला हा एक. त्यामुळे इंडियन म्हणजे सिनेमात पिसं लावून ओरडत येणारा माणूस, हे चित्र त्याच्या डोक्यात कधी तयारच झालं नाही. त्याच्यासाठी ते शेजारी होते, खेळगडी होते. त्याच्या जगात आपले आणि परके ही विभागणी वेगळीच होती. एकीकडे आपण खेड्यातली पोरं आणि दुसरीकडे खिशात पैसे असलेली शहरातली पोरं.

वाचायचं वेड होतं, पण गावात लायब्ररी नव्हती. राज्याच्या लायब्ररीला पुस्तकांची यादी पोस्टाने पाठवायची आणि पार्सलची वाट बघायची. मागितलेलंच पुस्तक येईल याची खात्री नाही. जे येईल ते वाचायचं. पुढे वाचनात आर्थर अपफिल्ड नावाचा लेखक आला. त्याचा डिटेक्टिव्ह बोनी हा ऑस्ट्रेलियातला, आई तिथल्या आदिवासी समाजातली आणि वडील गोरे. वाळवंटातल्या वाळूवर उमटलेल्या खुणा वाचून तो खुनी पकडायचा. हे नाव लक्षात ठेवा. एखाद्या समाजाची जगण्याची रीत हीच तपासाची किल्ली होऊ शकते, हे त्यातून पुढे हिलरमन यांना सापडलं आणि त्याचं श्रेय ते अपफिल्डला उघडपणे द्यायचे.

१९४१ साली वडील गेले. त्याच वर्षी अमेरिका युद्धात उतरली. थोडे दिवस कॉलेज, थोडे दिवस शेती असं करत १९४३ मध्ये टोनी सैन्यात भरती झाला. १०३ व्या इन्फंट्री डिव्हिजनमध्ये मॉर्टर चालवायचं काम मिळालं आणि तो फ्रान्सच्या आघाडीवर पोहोचला. तिथे त्याने सिल्व्हर स्टार आणि ब्राँझ स्टार मिळवले. १९४५ च्या हिवाळ्यात अल्सास भागात जर्मनांच्या हद्दीत छापा टाकायला गेलेला असताना त्याचा पाय सुरुंगावर पडला. दोन्ही पाय मोडले, चेहरा भाजला, काही काळ डोळ्यांना दिसेनासं झालं. वय १९.

या काळात तो आईला पत्रं लिहायचा. ओक्लाहोमातल्या एका पत्रकार बाईंनी बातमीसाठी ती पत्रं वाचली. पुढे भेट झाल्यावर त्यांनी या पोराला सांगितलं की तू लेखक हो. तोवर हा विचार त्याच्या मनातही आला नव्हता.

त्याचं आयुष्य बदललं ते मात्र एका ट्रकच्या फेरीने.

१९४५ चा उन्हाळा. टोनी बरा होण्यासाठी सुट्टीवर घरी आला होता. बसून काय करायचं म्हणून त्याने एक काम धरलं. ओक्लाहोमातून न्यू मेक्सिकोत ड्रिलिंगचं सामान ट्रकने पोहोचवायचं. रस्ता नवाहो रिझर्व्हेशनमधून जात होता. रिझर्व्हेशन म्हणजे आपल्याकडचं आरक्षण नव्हे, जमातीसाठी राखून ठेवलेला प्रदेश. आणि हा प्रदेश किती मोठा? ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत मिळून साधारण ७० हजार चौरस किलोमीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागापेक्षा थोडाच कमी.

त्या निर्जन रस्त्यावर अचानक घोडेस्वारांचा एक जथा समोर आला. सणाचे कपडे, अंगावर दागिने, चेहऱ्यावर रंग. रस्ता ओलांडून ते निघून गेले. टोनीने चौकशी केली तेव्हा कळलं की युद्धावरून परतलेल्या नवाहो सैनिकांसाठी विधी चाललाय. त्याचं नाव एनिमी वे.

आता हा विधी काय आहे ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. नवाहो लोक स्वतःला 'दिने' म्हणतात. त्यांच्या जगण्याच्या मुळाशी 'होझो' ही कल्पना आहे. माणूस, निसर्ग, नातीगोती, मन या सगळ्यांचा मेळ जुळलेला असणं म्हणजे होझो. मृत्यूच्या, त्यातही परक्या शत्रूच्या मृत्यूच्या संपर्कात आलेल्या माणसाचा हा मेळ तुटतो. मेलेल्यांची सावली त्याच्या मागे लागते. त्याला झोप लागत नाही, तो आजारी पडतो, घरात राहूनही घरचा राहत नाही. मग सगळं गणगोत जमतं, मंत्र जाणणारा माणूस म्हणजे हाताली बोलावला जातो, कित्येक दिवस गाणी आणि विधी चालतात. त्या माणसाला परत माणसांत आणलं जातं.

समोर हे सगळं चालू असताना ट्रकमध्ये कोण बसलं होतं? मोडलेल्या पायांचा, त्याच युद्धातून आलेला, स्वतः माणसं मारून आलेला एक पोरगा. त्याला मेडल मिळाली होती. पण त्याला आपल्यात परत घेण्यासाठी कुणी गाणी गायली नव्हती. आपल्या सैनिकांसाठी एवढं करणाऱ्या या लोकांबद्दल त्याच्या मनात जे कुतूहल बसलं ते शेवटपर्यंत राहिलं. आता विचार केला तर हिलरमन यांची जवळपास प्रत्येक कादंबरी याच प्रश्नाभोवती फिरते, की मेळ तुटलेल्या माणसाचं काय करायचं. खुनी कोण हा प्रश्न त्यामागून येतो.

पण कादंबरी यायला अजून २५ वर्षं होती.

पत्रकारितेची डिग्री घेतली. १९४८ मध्ये मरी उन्झनर यांच्याशी लग्न झालं. पुढे या जोडप्याला सहा मुलं झाली, त्यातली पाच दत्तक घेतलेली. पहिली नोकरी टेक्सासच्या बोर्गर या गावातल्या पेपरात क्राईम रिपोर्टर म्हणून. तिथल्या काउंटीचा एक शांत डोक्याचा, माणसं ओळखणारा शेरीफ त्यांच्या मनात बसला. लीपहॉर्नचा पहिला आराखडा तोच. म्हणजे गंमत बघा, नवाहो डिटेक्टिव्हचा सांगाडा टेक्सासच्या गोऱ्या शेरीफचा आहे.

त्यानंतर युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेत काम, १९५२ मध्ये सांता फेला बदली आणि नंतर तिथल्याच 'सांता फे न्यू मेक्सिकन' या दैनिकाचं संपादकपद. या काळात एका फाशीसारख्या शिक्षेच्या बातमीसाठी, म्हणजे गॅस चेंबरमध्ये मारल्या जाणाऱ्या एका कैद्याला त्यांनी शेवटच्या दिवसांत गाठलं होतं. लहानपणीच घर तुटलेला हा खुनी त्यांच्या डोक्यातून गेला नाही. अनेक वर्षांनी 'पीपल ऑफ डार्कनेस' मधला भाडोत्री मारेकरी त्यातून तयार झाला.

१९६३ साली चांगली चाललेली संपादकाची खुर्ची सोडून हिलरमन अल्बुकर्कीला गेले. वय ३८, घरात लहान मुलं. मरी यांनी अडवायचं सोडून उलट धक्का दिला, आयुष्यभर लिहायचंय म्हणतोस तर लिही. युनिव्हर्सिटी ऑफ न्यू मेक्सिकोत अध्यक्षांचा मदतनीस म्हणून काम धरलं, एमए केलं आणि तिथेच पत्रकारिता शिकवायला लागले. सुट्टीत आणि रात्री कादंबरी.

ती लिहून एजंटला पाठवली. एजंटचा सल्ला आला की बदलायची असेल तर त्यातलं इंडियन प्रकरण काढून टाका. आजच्या भाषेत सांगायचं तर यूएसपीच काढा.

हिलरमन यांनी एजंट बाजूला ठेवला आणि हस्तलिखित थेट हार्पर अँड रो या प्रकाशनाच्या नामांकित संपादक जोन कान यांच्याकडे पोहोचवलं. कान यांनी दुरुस्त्यांची मोठी यादी पाठवली. त्यात त्यांना हवं होतं ते नेमकं उलटं. मूळ मसुद्यात नायक होता एक गोरा मानववंशशास्त्रज्ञ आणि लीपहॉर्न येऊन जाऊन असलेलं पात्र होतं. या पोलिसाला वाढवा, असं कान यांनी सुचवलं. १९७० मध्ये 'द ब्लेसिंग वे' प्रसिद्ध झाली. हिलरमन यांना नाव हवं होतं 'एनिमी वे', कारण गोष्ट त्याच विधीची होती. प्रकाशकांनी बदललं. ब्लेसिंग वे हा नवाहोंचा पूर्ण वेगळा विधी आहे. म्हणजे पुस्तकाच्या कव्हरवरच चूक.

आतही चुका होत्या. नवाहो रीतिरिवाजांबद्दलच्या या चुकांची पुढे स्वतः हिलरमन यांनाच लाज वाटायची. पण मला वाटतं त्यांचं मोठेपण यातच आहे की ते नंतर अभ्यास करत राहिले. वाचलं, नवाहो मित्रांना विचारलं, त्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं फिरले. १९७३ मध्ये 'डान्स हॉल ऑफ द डेड' आली. झुनी जमातीचा एक मुलगा गायब होतो, त्याचा नवाहो मित्रही गायब होतो आणि लीपहॉर्नला स्वतःचा नसलेला धर्म समजून घेत तपास करावा लागतो. १९७४ चा सर्वोत्कृष्ट कादंबरीचा एडगर पुरस्कार तिला मिळाला. रहस्यकथांच्या जगात याच्यावर फार काही नसतं.

१९८० मध्ये दुसरा पोलीस आला, जिम ची. हो, आडनावच 'ची' आहे, षष्ठीचा प्रत्यय नाही. नवा हिरो आणायला एक व्यवहारी कारण होतं. लीपहॉर्नचे टीव्हीचे हक्क हिलरमन विकून बसले होते. पण खरं कारण दुसरं होतं. लीपहॉर्न आता मुरलेला होता, भिंतीवरच्या नकाशात टाचण्या टोचून विचार करणारा, चेटूक वगैरेवर विश्वास न ठेवणारा. कथेला असा तरुण हवा होता जो दोन जगांत अडकलाय. ची पोलीस आहे आणि त्याच वेळी हाताली व्हायला शिकतोय. गुन्हेगाराला कायद्याने शिक्षा करायची की त्याला बरं करायचं, हा त्याच्यासाठी रोजचा पेच आहे.

१९८६ च्या 'स्किनवॉकर्स' मध्ये दोघे एकत्र आले. रात्री मांजर आत शिरल्याने ची जागा होतो आणि पुढच्याच क्षणी त्याच्या ट्रेलरच्या पत्र्यातून शॉटगनच्या गोळ्या आत येतात. या पुस्तकापासून हिलरमन खऱ्या अर्थाने देशभर खपायला लागले. १९८८ च्या 'अ थीफ ऑफ टाइम' ने तर बेस्टसेलर यादीच गाठली. बायको गेल्यामुळे खचलेला, राजीनामा देऊन बसलेला लीपहॉर्न एका हरवलेल्या पुरातत्त्व अभ्यासक बाईला शोधतो. प्राचीन वस्त्यांमधून मडकी उकरून विकणाऱ्या चोरांचं अख्खं जग त्यात उघडं पडतं. एकच वाचायची असेल तर ही वाचा.

या सगळ्या पुस्तकांत एक गोष्ट सतत खटकत राहते आणि ती काल्पनिक नाही. खून रिझर्व्हेशनवर होतो, पण केस एफबीआयची असते. १८८५ च्या एका कायद्याने जमातींच्या हद्दीतले गंभीर गुन्हे केंद्र सरकारच्या ताब्यात गेले. त्यामुळे जमीन, भाषा, माणसं ओळखणारा नवाहो पोलीस बाजूला उभा आणि शहरातून आलेला सूटवाला एजंट साक्षीदाराच्या अंगावर प्रश्न फेकतोय, असं चित्र दिसतं. त्यामागे आणखी जुनी जखम आहे. १८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने नवाहोंची पिकं आणि फळबागा जाळल्या आणि हजारो लोकांना शेकडो किलोमीटर चालवत बोस्के रेडोंडोच्या छावणीत नेलं. कितीतरी वाटेत मेले. १८६८ च्या तहाने त्यांना आपल्या भूमीत परत जाता आलं. सरकारी गाडी दारात आली की म्हातारी माणसं गप्प का होतात, हे हिलरमन भाषण न देता गोष्टीतून सांगतात.

मग प्रश्न येतोच. एका गोऱ्या माणसाने नवाहोंची गोष्ट सांगायची कशाला?

हा प्रश्न त्यांच्या हयातीतच विचारला गेला आणि तो चुकीचा नाही. मेलेल्यांबद्दल, चेटकाबद्दल बोलूच नये असं मानणाऱ्या समाजाचे हे विषय पुस्तकांच्या दुकानात विकले जात होते. काही नवाहोंना ते आवडलं नाही. झुनी आणि होपी लोकांचीही आपले धार्मिक विधी असे बाहेर यायला हरकत होती. आणि मूळ रहिवाशांमध्ये लेखक नव्हते असंही नाही. 'द ब्लेसिंग वे' च्या एकच वर्ष आधी, १९६९ मध्ये, किओवा लेखक एन. स्कॉट मोमाडे यांना कादंबरीसाठी पुलित्झर मिळाला होता. पण विमानतळावर विकली गेली ती हिलरमन यांची पुस्तकं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. रिझर्व्हेशनवरच्या शाळांत मुलं ही पुस्तकं वाचायला लागली. गोष्टीतला हुशार माणूस आपल्यातला आहे आणि तो जिंकतो, ही त्यांच्यासाठी नवी गोष्ट होती. १९८७ मध्ये नवाहो नेशनने हिलरमन यांना दिने लोकांचा खास मित्र म्हणून गौरवलं. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या रहस्यकथा लेखकांच्या संघटनेने ग्रँड मास्टर केलं. यातला कोणता सन्मान जवळचा हे विचारल्यावर ते नवाहोंनी दिलेल्याकडे बोट दाखवायचे. माझं मत विचाराल तर एक सन्मान मिळाला म्हणून आक्षेप पुसले जात नाहीत. दोन्ही सोबत ठेवूनच ही पुस्तकं वाचावी लागतात.

सिनेमाने तर घोळच घातला. रॉबर्ट रेडफोर्डने 'द डार्क विंड' वर चित्रपट केला, त्यात जिम चीचं काम नवाहो नसलेल्या लू डायमंड फिलिप्सने केलं. होपी लोक नाराज झाले, चित्रपट अमेरिकेत धड रिलीजही झाला नाही. रेडफोर्डने मात्र विषय सोडला नाही. २००२ पासून टीव्हीसाठी तीन चित्रपट आले, त्यात वेस स्टुडी आणि ॲडम बीच हे मूळ रहिवासी समाजातले कलाकार होते.

हिलरमन १९८७ पर्यंत शिकवत राहिले. पुढे संधिवाताने बोटं वाकडी झाली, कॅन्सर झाला, तरी लिहिणं थांबलं नाही. २००६ मध्ये मालिकेतली त्यांची शेवटची, १८ वी कादंबरी 'द शेप शिफ्टर' आली. २६ ऑक्टोबर २००८ ला अल्बुकर्कीमध्ये ८३ व्या वर्षी ते गेले. सांता फेच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत, सैनिकांमध्ये त्यांना पुरलंय.

लीपहॉर्न आणि ची मात्र निवृत्त झाले नाहीत. २०१३ मध्ये त्यांची मुलगी ॲन हिलरमन यांनी 'स्पायडर वुमन्स डॉटर' लिहून मालिका पुढे नेली. २०२२ मध्ये 'डार्क विंड्स' आली, रेडफोर्डसोबत निर्मात्यांमध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स' वाले जॉर्ज आर. आर. मार्टिन. यावेळी मुख्य भूमिकांतच नव्हे, तर लेखक-दिग्दर्शकांतही मूळ रहिवासी समाजातली माणसं आहेत. आणि ॲन यांनी आणखी एक बदल केला. वडिलांच्या पुस्तकांत बहुतेक वेळ दुय्यम राहिलेली पोलीस ऑफिसर बर्नाडेट मॅन्युएलिटो, तिच्या हातात आता तपास दिलाय.